देवाची सासू

“झोपलास काय रे? मी विचारते, झोपलास काय? तेव्हा पण बोटीत उशीला डोकं लावून झोपलाच होतास. तुझ्या माणसांनी हलवून उठवलं, तेव्हा उठून वादळ गप केलंस. आता कोण उठवणार तुला? मी?”

रेमेदमावशी चर्चमध्ये वेदीसमोर उभी राहून ओरडत होती. फादर बाजूच्या दारात झगा अर्धा चढवून थिजले होते, एक हात बाहीत आणि एक बाहेर. पुढं होऊन तिला थांबवायची त्यांची छाती होत नव्हती. मी मागच्या बाकाशी, देवळातल्या सवयीनं, चपला हातात घेऊन उभा. क्रुसावरचा येशू मान खाली घालून ऐकत होता. त्याची मान मुळातच खाली असते, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती चार बोटं जास्त खाली होती, हे मी आमच्या ग्रामदेवाची, भैरीबुवाची शपथ घेऊन सांगतो.

मग ती वळली ती मरियेच्या पुतळ्याकडं. मरियेला ती सायबीण म्हणायची. “आणि तू गो सायबिणी, तू तरी बघायचंस. तुझा तुला क्रुसावरून काढून मांडीवर तरी मिळाला. माझा मला दे. कसा पण दे.”

आदल्या दिवशी बोट बुडाली होती. बोटीवरच्या चौघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. दोघं मिळाले नाहीत. एक तिचा मुलगा पास्कू, दुसरा माझा धाकटा भाऊ दिन्या.

आमच्या मांडवीत तिला सगळे ‘देवाची सासू’ म्हणत. सासू जशी सुनेला बसू देत नाही, तशी रेमेदमावशी देवाला बसू देत नसे. तिच्या आणि आमच्या घराला मधली भिंत एकच, चांगली जाड चिऱ्याची, पण तिच्या आवाजापुढं ती भिंत म्हणजे ओला पापड. संध्याकाळी ती जपमाळ घेऊन बसे. माळ संपेपर्यंत सगळं शिस्तीत, मवाळ, पुटपुटत. मग माळ डब्यात टाकल्याचा आवाज यायचा आणि ती म्हणायची, “आता ऐक.” इथून खरी प्रार्थना सुरू. मशीनची सुई का मोडली, नळाला पाणी का नाही, पास्कू गणितात का आपटला, सगळ्याचा जाब. भाट्याच्या खाडीत शिरणारी भरती हे ऐकून पाच मिनिटं बाहेरच थांबून राहायची. माझ्या बोलण्यातलं अर्धं टाकून द्या. उरलेलं अर्धंसुद्धा लांज्यापर्यंत ऐकू जाईल एवढं आहे.

नवे फादर बदलून आले तेव्हा त्यांनी तिला समजवायचा प्रयत्न केला. “रेमेदबाई, देवाशी जरा नम्रपणे बोलावं.”

“नम्र परक्याशी बोलतात, फादर,” ती म्हणाली. “हा माझा आहे. ज्याच्यावर ओरडता येत नाय तो देव कसला? तो पोस्टातला साहेब.”

फादरांनी नंतर तो विषय काढला नाही. उलट ती आजारी पडून एखाद्या रविवारी आली नाही, तर मिस्सा संपल्यावर तेच विचारायचे, “आज शांतता कशी?”

तिच्या घरात मशीनवरच्या फळीवर संत अंतोनीचा पुतळा होता, वीतभर उंच, नाक उडालेला. हरवलेली वस्तू शोधून देणं हे या संताचं काम. मावशीची कात्री हरवली की ती आधी अंतोनीला उचलायची आणि भिंतीकडं तोंड करून ठेवायची. “सापडेपर्यंत उभा राहा तसाच.” कात्री सापडली की त्याला सरळ करायचं आणि फडक्यानं तोंड पुसायचं. आम्ही पोरं होतो तेव्हा दारातून डोकावून अंतोनीचं तोंड कुठं आहे ते बघायचो. भिंतीकडं असेल तर त्या दिवशी आत जायचं नाही. नाकाचा तुकडा कसा उडाला हे मी तिला विचारलं होतं. “नाक वर करून उभा होता,” ती म्हणाली.

नवरा जहाजावर होता तो तिकडंच गेला, पास्कू रांगत होता तेव्हा. तेव्हापासून शाळांचे गणवेश शिवून तिनं घर चालवलं. उरलेल्या निळ्या कापडातून दर साली नारळी पौर्णिमेच्या आधी ती दोन हाफ पँटी शिवायची. एक पास्कूला, एक आमच्या दिन्याला. माप घ्यायला दिन्याला कधी बोलावलं नाही. पास्कूची कंबर मोजली की दिन्याची झाली. उंची तीच, अंगकाठी तीच, दोघं एकाच पोत्यातून ओतल्यासारखे. दिन्या दुपारचा तिच्याकडं जेवायचा आणि पास्कू आमच्या गणपतीत सगळ्यात मोठ्यानं आरती म्हणायचा. शब्द त्याला एकही येत नव्हता, पण आवाज आईचा होता, निभून जायचं. पुढं दोघं एकाच बोटीवर खलाशी म्हणून लागले. मी त्यांच्या जेटीवरून मासळी आणि बर्फ टेंपोत घालून वर नेत होतो. आमचं एकूण बरं चाललं होतं.

त्या सालीही समुद्राला नारळ दिला, बोटी बाहेर पडल्या, आणि मग ते वादळ आलं. पुढचं वर सांगितलंच.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्यात देह हाताला लागल्याशिवाय रडत नाहीत. जित्या माणसाला रडलं तर त्याची परतायची वाट बंद होते. माझी आये दाराच्या उंबऱ्यावर समुद्राकडं तोंड करून बसली. डोळ्यांतून पाणी काढलं नाही. जेवायच्या वेळी दिन्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, संध्याकाळी काढून कावळ्यांना नाही, मांजराला घालायची. कावळ्याला घातलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. पहिले दोन दिवस काहीबाही बोलली. मग बोलणंच थांबलं. आये गप झाली म्हणजे मांडवीतला निम्मा आवाज बंद झाला. मासळी बाजारात तिच्याशी भाव करायला माणसं घरून जेवून यायची, अशी तिची ख्याती.

आठवड्याभरानं आरेच्या किनाऱ्याला एक देह लागला. इथं मी वाढवून सांगणार नाही. कमीच करून सांगतो. तोंड राहिलं नव्हतं. अंगावर निळी हाफ पँट होती.

सरकारी दवाखान्यात मला आणि रेमेदमावशीला बोलावलं. मी बघितलं आणि मला काहीच सांगता येईना. पँट दोघांची असू शकत होती, उंची दोघांची असू शकत होती. मावशी मात्र जवळ गेली. हवालदार नको म्हणायच्या आत तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली आणि पँटीच्या कमरेची पट्टी उसवली. आतून एक पदक खाली पडलं, नाण्याएवढं, सायबिणीचं.

“माझा पास्कू,” ती म्हणाली. एवढी हळू की मला वाटलं दुसरंच कोणीतरी बोललं. “मीच शिवलं होतं आत.”

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. “तुमची काही हरकत?”

मी काय हरकत घेणार? दिन्याच्या पँटीत सायबीण कशाला असेल? तपासणीसाठी त्यांनी हाडाचा तुकडा काढून ठेवला होता, पण दोन्ही घरांचं भांडण नाही म्हटल्यावर तो तसाच राहिला. देह मावशीच्या ताब्यात दिला.

पास्कूला पुरायला सगळी मांडवी गेली. आये गेली नाही. पण त्या दिवशी तिनं दिन्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. तिचा हिशोब सरळ होता. तो देह पास्कूचा, म्हणजे दिन्या अजून कुठंतरी आहे. कुठल्यातरी बोटीनं उचलला असेल, गुजरातकडं नेला असेल, निरोप यायचा असेल. त्या एका देहानं पास्कूला मारलं होतं आणि दिन्याला जिवंत ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, माती टाकून आल्यावर मावशी आभाळ खाली आणील. भिंतीला कान लावायची गरज नव्हतीच, तरी मी लावला. माळेचे मणी झाले. माळ डब्यात पडली. आणि पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना गेला, शिमगा गेला, “आता ऐक” आलंच नाही. ती सिमितेरीत जायची, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, क्रूस पुसायची, परत यायची. मशीन चालायचं, ती नाही.

एकदा टेंपोच्या सीटचं कव्हर शिवायला दिलं होतं ते आणायला गेलो. बघतो तर फळीवरचा अंतोनी भिंतीकडं तोंड करून उभा.

“मावशी,” मी म्हटलं, “पास्कू सापडला ना? मग ह्याला आता तरी वळव.”

“राहू दे त्याला तसाच,” ती म्हणाली. “त्याला माझं तोंड बघवत नाय.”

मला काही समजलं नाही. भिंतीच्या एका बाजूला एक मुकी बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि मी, ज्याच्या तोंडाला मांडवीत कोणी कुलूप घालू शकलं नाही, मी घरात पाय चोरून वावरायचो आणि लांज्याच्या वाटेवर टेंपोतल्या बर्फाशी बोलायचो. बर्फ ऐकून घ्यायचा. लांजा येईपर्यंत निम्मा विरघळलेला असायचा.

वर्ष उलटलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस असतो. सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढतात, चुना लावतात, झेंडू आणि मेणबत्त्या ठेवतात. तो दिवस उजाडला तेव्हा भर दुपारी रेमेदमावशी आमच्या दारात आली. चर्चच्या कपड्यांत होती. आयेसमोर उंबऱ्याच्या खाली, धुळीत बसली.

“सुंदरे,” ती म्हणाली, “मी चोरी केली.”

आयेनं समुद्रावरची नजर काढली नाही.

“पदकं मी दोन आणली होती. एक पास्कूच्या पट्टीत शिवलं. एक तुझ्या दिन्याच्या. तुला सांगितलं नाय. म्हटलं, पोराला तुमचा भैरी राखीलच, पण आमच्या सायबिणीचा पण एक डोळा असू दे. तिथं दवाखान्यात पट्टी उसवली तेव्हा मला माहीत होतं. कोणाचा पण असेल तो. माझा असेल, तुझा असेल. पण मला मांडीवर पाहिजे होता गो. म्हणून मी माझा म्हटला.”

मी दारात उभा होतो.

“इतके दिवस त्याच्याशी बोलता येईना,” मावशी म्हणाली. तो म्हणजे देव. “कुठल्या तोंडानं जाब मागू? आज फादरकडं कबूल केलं. ते म्हणाले, देवानं माफ केलंन. आता जिचं घेतलंस तिला जाऊन सांग.”

आयेनं हात उचलला आणि मावशीच्या थोबाडीत मारली. त्या हातानं सुरमईचं डोकं एका घावात उडतं. मावशी हलली नाही, हात मध्ये घातला नाही, दुसरी बसायची वाट बघत राहिली. दुसरी बसली नाही. आयेच्या पोटातून एक आवाज आला. त्या आवाजाला मी काही उपमा देणार नाही.

मग ती उठली. वर्षभरात पहिल्यांदा बोलली. “कुठं आहे तो?”

“चल,” मावशी म्हणाली.

दोघी चालत निघाल्या. मी टेंपो काढून मागून गेलो, बसा म्हटलं. माझ्याकडं कोणी बघितलंसुद्धा नाही. सिमितेरीत माणसं होती, फुलं होती. आमच्या बायका तिथं कधी जात नाहीत, त्यामुळं आयेला बघून सगळे बाजूला सरले. ती थडग्याच्या एका अंगाला बसली, मावशी दुसऱ्या अंगाला. आयेनं मातीवर दोन्ही हात ठेवले आणि रडली. वर्षभराचं रडली. दिन्याची वाट बंद होत होती, हे तिला कळत होतं आणि तरी ती रडत होती.

बऱ्याच वेळानं मावशीनं वर बघितलं. म्हणाली, “आता ऐक.”

आणि सुटली. वर्षाचं तुंबलेलं. का नेलंस, दोन नेलेस आणि एकच दिलास, तोंड ओळखता येईल एवढं तरी ठेवायचंस, मला खोटं बोलायला लावलंस. फादर लांब उभे होते, या वेळी दोन्ही हात बाहीत.

आये रडायची थांबून तिच्याकडं बघत होती. “तू कोणावर ओरडतेस?”

“त्याच्यावर.”

“ऐकतो?”

“त्याचा पण पोर गेला गो, क्रुसावर. भर दुपारी, चारचौघांत, आईच्या डोळ्यांसमोर. ऐकल्याशिवाय जातो कुठं?”

आयेनं पदरानं तोंड पुसलं. “मग माझं पण सांग त्याला.”

“मी कशाला? तुला तोंड नाय?”

तेव्हा माझी आये, जिनं जन्मात चर्चची पायरी चढली नव्हती, तिनं मान वर केली आणि बाजारातल्या आवाजात दुसऱ्याच्या देवाला धारेवर धरलं. दोघी एकदम ओरडत होत्या. मिऱ्याच्या डोंगरावरची माकडं त्या दिवशी जी उतरली ती खेडपर्यंत पळाली, असं मी नंतर सगळ्यांना सांगत असे. खरं सांगायचं तर तिथल्या एका झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही. ऐकत बसला होता.

संध्याकाळी बघितलं तर अंतोनी सरळ उभा होता, तोंड पुसलेलं.

त्यानंतर दर साली त्या दिवशी दोघी जात. एका थडग्यावर दोन मेणबत्त्या. बाकीच्या दिवसांतही आये संध्याकाळी भिंतीपलीकडं जाऊन बसायला लागली. माळ मावशी जपायची, आये मटार नाहीतर कोळंबी सोलायची. “आता ऐक” म्हटलं की सोललेलं बाजूला ठेवायची. कुणीतरी बाजारात बोललंच, सुंदराबाय बाटली. मावशीच्या कानावर गेलं. “बाटायला डोक्यावर पाणी घ्यायला लागतं,” ती म्हणाली, “आणि ती आता पाण्याकडं बघत पण नाय.” आये शिमग्याला भैरीच्या पालखीखाली वाकायची आणि नोव्हेंबरात मेणबत्ती लावायची. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. अवघड वाटलं ते लोकांना.

मी एकदा मावशीला विचारलं होतं, एवढं ओरडून दुखणं कमी होतं काय?

“कमी कशाला होईल?” ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. “दुखायचं ते दुखतंच. पण दुखतं तिथं तो येऊन बसतो. तुझी आये पण बसते. जागा जरा कमीच पडते.”

गेल्या पावसाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. शेवटी आवाज पार बसला. देवाच्या सासूचा आवाज गेला, म्हणजे देवाचा जीव भांड्यात पडला असेल, असं मी म्हटलं तेव्हा ती हसली, आणि हसल्याचं तिला दुखलं. शेवटच्या दिवशी मी आणि आये तिच्या उशाशी होतो. ओठ हलले. “आता ऐक.” मग जरा थांबून तिनं मान हलवली. “नाय. राहू दे. आता समोरासमोरच बोलते.”

मला जवळ बोलावलं. “तू एकाचे दहा सांगतोस. सांग. पण पोरांचं सांगशील तेव्हा वाढवू नको. होते तेवढे पुरेत.”

त्या थडग्याला लागूनच तिला पुरलं. अंतोनी आता आमच्या घरात आहे, आयेच्या देवांच्या शेजारच्या फडताळात. चष्मा सापडला नाही की आये त्याला भिंतीकडं वळवते.

परवा, मृतांचा दिवस जवळ आलेला, मला दवाखान्यातला तो हवालदार भेटला. आता निवृत्तीला आलाय. त्यानं आपणहून विषय काढला. तेव्हाचा तो हाडाचा तुकडा अजून जपून ठेवलेला आहे. अर्ज करायचा, आईचं रक्त द्यायचं, थडग्यात कोण आहे ते नक्की कळतं. मी घरी येऊन आयेला सांगितलं. ती मागल्या दारी बांगडे साफ करत बसली होती.

“आता मावशी पण नाय,” मी म्हटलं. “तिला लागायचं नाय काही. कळंल तरी, दिन्या की पास्कू.”

“कळून?”

“आपला असला तर आपल्या रीतीनं करू सगळं.”

“आणि नसला तर?”

मी खाली बसून टोपली तिच्याकडं सरकवली. आयेनं बांगडा पाण्यात बुडवून धुतला, टोपलीत टाकला, दुसरा घेतला.

“नको,” ती म्हणाली. “बाजारात चाललास तर मेणबत्त्या आण. तीन आण.”